घर दाखवणारा वसईकर

परदेशात स्थायिक झालेला वसईकर आई-वडिलांना आपलं नवं घर दाखवतो, तेव्हा तो बढाई मारत असतो असा एक समज आहे. निर्मळ-पापडीकडच्या लग्नाच्या मांडवात त्याच्याबद्दल हेच बोललं जातं. पण बढाई मारणारा माणूस कसा निवांत असतो, आणि हा निवांत मुळीच नसतो. कॅनडात, मिसिसागातल्या त्या घरात पाय पुढे टाकताना त्याची नजर मागे, वडिलांच्या चेहऱ्यावर असते. बेसमेंटमध्ये नेऊन तो सर्वांत आधी फर्नेस दाखवतो. त्या पत्र्याच्या कपाटातला धुळीने काळवंडलेला फिल्टर ओढून काढतो, तो दर काही महिन्यांनी बदलावा लागतो हे सांगतो, मग वर जाऊन थर्मोस्टॅटचा आकडा वाढवतो आणि खाली भट्टी धडधडायला लागेपर्यंत सगळ्यांना जिन्यात गप्प उभं करतो. त्यानंतर नळ. गरम पाणी, चोवीस तास, पिंप न भरता. वीज गेली की विहिरीची मोटर बंद, हे बघत वाढलेल्या मुलाचा हा हुकमी मुद्दा. वाडी सोडून आलो ते चुकलं नाही, एवढं एकदा वडिलांच्या तोंडून ऐकायचं असतं, त्यासाठी हा सगळा पुरावा.

याची खूण पटवायची तर त्याला नायगाऱ्यावर बघावं. तिथे तो आई-वडिलांना नेतो, कारण न नेऊन सांगतो कुणाला! पण सत्तावन्न मीटरवरून कोसळणाऱ्या पाण्यासमोर तो खुशाल मोबाइल बघत उभा राहतो. वडील ‘बरं आहे’ म्हणाले काय आणि ‘अजून मोठा वाटला होता’ म्हणाले काय, त्याला सोयरसुतक नसतं. नायगारा त्याने विकत घेतलेला नाही आणि त्याचे हप्तेही तो भरत नाही. तेच वडील घरच्या डेकची फळी पायाने दाबून ‘लाकूड कच्चं दिसतं’ म्हणाले, की गड्याची रात्रीची झोप उडाली. शिवाय त्याची परीक्षा आई-वडील विमानात बसण्याआधीच सुरू झालेली असते. कॅनडाने 2011 साली आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा काढला. त्यासाठी मुलाला आपलं उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर आहे हे कागदोपत्री दाखवावं लागतं. आई-बापांना पोसण्याची ऐपत आहे हे सरकारला पटवून झालं, की उरतात खुद्द आई-बाप. ते कागद बघत नाहीत, ही अडचण.

कुणी म्हणेल, यात परदेशाचं काय एवढं, हा साधा पाहुणचार आहे. आपणही पाहुण्यांना किल्ला दाखवतो, अर्नाळ्याला नेतो, जीवदानीला चढवतो. दाखवतो, पण कसं? जांभया देत. वसईत राहणारा माणूस पाहुण्याला स्वतःचा गिझर चालू करून दाखवत नाही, कारण तो वसईत का राहतो हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. मूळ जागा सोडली, की घर दाखवण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याला पासपोर्टही लागत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून विरारला ब्लॉक घेणाऱ्यांनी नातलगांना काय दाखवलं? घरातला संडास. आत्येला दारात उभी करून फ्लश ओढून दाखवला आणि मग ‘स्टेशन दहा मिनिटांवर’ असं न विचारता सांगितलं. चर्चगेटपासून साठ किलोमीटरवर राहायला गेलेल्या त्या माणसाची आणि मिसिसागाच्या माणसाची जात एकच. (पोर्तुगीज इथे 1534 ते 1739 राहिले. लिस्बनहून आलेल्या एखाद्या मेव्हण्याला वसईचा बुरूज दाखवताना त्यांचाही जीव असाच वरखाली झाला असणार, असा माझा अंदाज.)

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि त्यापाठोपाठ वसईचेही कितीतरी लोक आखातात गेले; त्यांनी तर कुणाला घर दाखवलं नाही! खरं आहे, पण दाखवायला तिथे होतं काय? एका खोलीत रांगेने लावलेल्या खाटा. त्यांनी पुरावा बॅगेत भरून इकडे आणला: टू-इन-वन, घड्याळं, टँगचा डबा. आणि शेवटी वाडीतच बंगला बांधला, म्हणजे सोडलेल्या जागेलाच भरपाई दिली. कॅनडातल्या मुलाची तीच तर पंचाईत. त्याचा पुरावा बॅगेत मावत नाही, म्हणून साक्षीदारच विमानाने न्यावे लागतात. मुलीचं तसं नसतं. ती आईला वाचनालय दाखवते, बसचा पास दाखवते आणि मोकळी होते. वाडी तिच्या नावावर होईल असं कुणी म्हणालंच नव्हतं, तर ती सोडल्याचा जाब कोण विचारणार?

वडील निकाल देतात, पण भलत्याच गोष्टीवर. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, यावर ‘हं’. मग कॉस्टकोत केळ्यांच्या घडासमोर ते थांबतात आणि तोंड उघडतात. ग्वाटेमाला, इक्वाडोरकडून आलेली ही केळी आपल्या बसराईचीच भावकी. ती कच्ची कापलीत, वायूने पिकवलीत, राजेळीची सर नाही, सुकेळी यांची कधी व्हायची नाहीत, असं ते सविस्तर सांगतात. मुलगा हिरमुसतो. पण हा मत्सर नव्हे आणि खोडीही नव्हे. फर्नेसबद्दल त्यांना काही कळत नाही आणि न कळणाऱ्या गोष्टीवर मत द्यायचं नाही, ही बागायतदाराची रीत.

मुलाला हवा असलेला दाखला मिळतो, फक्त तो पोचतो चुकीच्या पत्त्यावर. वसईला परतल्यावर रविवारच्या मिसानंतर चर्चच्या आवारात वडील चार जणांना फर्नेस समजावून सांगतात, हाताने आकार दाखवून, भट्टीच्या आवाजासकट. शेवटी कुणीतरी घराची किंमत विचारतं. डॉलरचे रुपये करून जो आकडा ऐकल्यावर तिकडे त्यांनी कपाळाला हात लावला होता, तोच इकडे ते थोडा वाढवून सांगतात.