रेघेसाठी जागणारा गडी

कोल्हापुरात पैलवानाइतकाच हट्टी आणखी एक गडी आढळतो: लाटेकवाला, म्हणजे लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिणारा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात किंवा राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर तो लगेच ओळखू येतो. लग्नपत्रिका हातात पडली की मुहूर्त नंतर, आधी तो दोन ओळींमधलं अंतर बघतो. रात्री दोनला त्याच्या खोलीत दिवा दिसला की शेजाऱ्यांना वाटतं, पोरगं पीएचडी संपवतंय. सिद्धता तर परवाच झालेली असते. अडलेली असते ती एक आडवी रेघ. वर दोन आधारविधानं, खाली निष्कर्ष, उजव्या टोकाला नियमाचं नाव. एवढ्यासाठी तो 'बसप्रूफ्स' हे लाटेकमध्ये सिद्धता मांडायचं पॅकेज घेऊन बसतो, आणि संगणक 'मिसिंग डॉलर' म्हणून कुरकुरला की अख्ख्या फायलीत हरवलेला डॉलर शोधत फिरतो.

"भावा, वर्डमध्ये रेघ मारून देतो की दोन मिनटात!" हे डीटीपीवाल्याचं म्हणणं वरवर रास्त आहे. रेघ सरळ आली म्हणून चुकीची सिद्धता बरोबर ठरत नाही. नियम चुकला तरी बसप्रूफ्स तो निमूट छापतं. पण तर्कशास्त्रात रेघ ही नक्षी नव्हे. गेऱ्हार्ड गेंट्झेनने 1930च्या दशकात झाडासारख्या सिद्धता मांडल्या. त्यांत रेघ कुठून कुठवर जाते, यावरूनच निष्कर्ष कशाच्या आधारावर निघाला ते कळतं. रेघ आखूड पडली की एक आधारविधान उघड्यावर पडतं. माउसने ओढलेली रेघ वरचा मजकूर वाढला तरी ढिम्म हलत नाही. बसप्रूफ्स मात्र वरची रुंदी मोजून रेघ आखतं.

वेळ फुकट जातो, ही दुसरी हरकत. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना 1977 साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी टेक ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली आणि त्यात दहाएक वर्षं घातली. लाटेक पुढे तिच्यावरच उभी राहिली. त्या मानाने आपला गडी फारच आवरता. त्याचा खरा दोष वेगळाच: सिद्धता अडली की तो फाँट बदलत बसतो. म्हणून गाईड मंडळींना एवढंच सांगणं आहे: सिद्धता पुरी झाली असेल तर त्याला रेघेसाठी खुशाल जागू द्या, नसेल तर लॅपटॉप काढून घ्या आणि हातात कागद-पेन्सिल द्या.