शेतकऱ्यांची कळ
काही टेक्स्ट एडिटरमध्ये ‘विशेष चिन्हां’साठी आपापले शॉर्टकट नेमायची सोय असते; अंशाची खूण किंवा ग्रीक अक्षरे लागणाऱ्यांना ती लाभतेही. यवतमाळ जिल्ह्यात मात्र विशेष ठरतो तो ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य. पीकविमा असो की बोंडअळीची भरपाई, त्याच्यावाचून अर्ज पुढे सरकत नाही. तरी तो जुन्या फाइलीतून कॉपी-पेस्ट होतो, नाहीतर सरळ ‘शेतकर्यांना’ होऊन सहीला जातो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये त्याची वाट तयारच आहे: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. ळ तर शिफ्ट आणि एनवर बसलेलाच आहे. एरवी कळंब, राळेगाव, केळापूर आणि खुद्द यवतमाळ चिन्हांच्या तक्त्यापुढे रांगेत दिसले असते.

तीन कळांपेक्षा एक शॉर्टकट बरा, असे कोणी म्हणेल. बराच, पण कारकुनाची बदली पुसदहून वणीला झाली, की शॉर्टकट पुसदच्या संगणकातच राहतो (त्याला बदलीचा आदेश लागू नाही). कृतिदेव या जुन्या फॉन्टवर हात बसलेल्यांनी पुन्हा शिकायचे कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार. पण त्यासाठी आल्ट दाबून चार-चार आकडे पाठ केलेल्या माणसाला तीन कळा जड जाव्यात, हे काही पटत नाही.