कागदावरचे नाना

आमच्या साक्रीत नानांना तोटा नाही. एक नाना कांद्याचे भाव सांगतात, एक भजनात पेटी वाजवतात, आणि एक तर पंगत बसायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक लग्नात हजर असतात. पण आमच्या गल्लीतल्या फौजी आबांच्या फायलीत जे नाना ठाण मांडून बसलेत, त्यांचं मूळगाव कुणालाच ठाऊक नाही.

हे नाना म्हणजे इंग्रजी चार अक्षरं: एन, ए, एन, ए. अर्थ असा की, आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने हा शेरा मारला की अपंगत्वाची पेन्शन अडते. म्हणजे नाव नानांचं आणि काम ‘ना, ना’चं.

आबांचं दुखणं तसं घरगुती आहे. जठराच्या तोंडाशी स्नायूंचा एक वेढा असतो, तो सैल पडला की आतलं आम्ल उलटं अन्ननलिकेत चढतं. आबा गेली कित्येक वर्षं दोन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपतात. ते मला एकदा म्हणाले, “भाऊ, मन्हा पोटमा आग पडस, आन् कागदवर नाना लिखेल शे.”

आबा भरती झाले 1982 साली. फौजेतल्या पेन्शनच्या पात्रतेचे नियमही त्याच सालचे. दोघं एकाच वर्षी रुजू झाले, पण एकमेकांची ओळख व्हायला चोवीस वर्षं लागली. 2006 मध्ये आबा हवालदार म्हणून घरी निघाले तेव्हा मंडळाने विचारलं, “त्रास कुठे सुरू झाला?” आबा साधा माणूस, खरं बोलून गेले: “पीसमध्ये असताना दाखवलं, साहेब.” झालं! पीस म्हणजे शांततेचं ठाणं, आणि शांततेच्या ठिकाणी आजार झाला तर त्यात फौजेचा काय दोष? बर्फातल्या चौकीवर दवाखाना कुठून आणायचा आणि रात्रपाळीच्या पहाऱ्यात ढेकरांची नोंद कोणी ठेवायची, हे आबांना कोणी विचारलं नाही. आम्लाने आधी बदलीचा हुकूम वाचून मग वर चढायला हवं होतं.

मग दोषी कोण? शेवभाजी! खान्देशचा माणूस म्हटल्यावर तपास तिथेच थांबतो. सुट्टीत घरी येऊन कळण्याची भाकरी, ठेचा आणि तर्रीदार रस्सा खाल्ला तो गुन्हेगार. उरलेलं वर्षभर डब्यातलं, अवेळी, उभ्याउभ्या खाल्लं ते निर्दोष सुटलं.

गंमत अशी की 1982 च्या त्याच नियमांच्या परिशिष्टात ‘आहाराच्या सक्तीमुळे बळावणारे आजार’ अशी एक यादी आहे. तिच्यात जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे विकार आहेत, जठरदाह आहे, अल्सर आहेत, डबाबंद अन्नाची विषबाधासुद्धा आहे. आबा हरखले. पण त्यांचं दुखणं निघालं अन्ननलिकेचं! सरकारी नकाशात जठर आपल्या हद्दीत, अन्ननलिका मात्र वादग्रस्त भागात. आणि आबांचं आम्ल तर रोज रात्री नियंत्रणरेषा ओलांडतं.

पुढे टक्केवारी. अपंगत्व किमान वीस टक्के हवं. तेवढं असेल आणि आजार सेवेशी जोडला गेला असेल, तर आबांच्या काळच्या हिशेबात वीसचे पन्नास धरतात. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत आहे, यावर 2014 मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. पण एकोणीस टक्के असतील तर एकोणीसचं शून्य! जगात एवढा महाग एक टक्का दुसरा नसेल. आबा म्हणतात, “भरीत थोडं जास्त खाल्लं असतं तर विसाव्यात गेलो असतो.”

हे दुखणं काही साक्रीपुरतं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने 19 मे 2024 पासून याच आम्लपित्ताला स्वतंत्र क्रमांक दिला. क्रमांक मिळाला, पण टक्के मोजायला छातीतली जळजळ पुरेशी नाही. अन्ननलिका आखडली का, घास अडकतो का, ते पाहतात. मात्र तिथे सेवेत गुडघा गेला, गुडघ्यासाठी गोळ्या घेतल्या आणि गोळ्यांनी पोट गेलं, अशी साखळी जोडून दावा करता येतो. आबांचाही गुडघा दुखतो, आबाही गोळ्या खातात. आमच्याकडे गुडघ्याचे नाना वेगळे आणि पोटाचे वेगळे.

नियम कठोर असले तरी न्यायालय मात्र आबांच्या बाजूचं बोललं आहे. जुलै 2013 मध्ये धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं गृहीत धरा; नसेल झाला तर ते सैन्याने सिद्ध करावं. 2015 मध्ये मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली, तिनेही अशा खटल्यांत सरकारने अपिलामागून अपील करू नये असं सुचवलं. डिसेंबर 2024 मध्ये तर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने एका जवानाच्या विधवेला पेन्शनसाठी दिल्लीपर्यंत ओढल्याबद्दल केंद्राला पन्नास हजारांचा खर्च लावला. दरम्यान 2023 च्या नव्या नियमांनी एक सुधारणा मात्र चपळाईने केली: सेवा पूर्ण करून निघणाऱ्यांच्या या पेन्शनला ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं नवं नाव दिलं. बारसं झालं, दुधाचं नंतर बघू.

आता आबांपुढे वाट आहे ती पहिलं अपील, दुसरं अपील, आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईचं खंडपीठ. साक्रीहून धुळे, धुळ्याहून रात्रीची एसटी, पहाटे मुंबई, रिकाम्या पोटी दोन कप चहा. म्हणजे सुनावणीला पोहोचेपर्यंत पुरावा आपोआप घशाशी येतो.

मी आबांची फाईल चाळली. नाना सगळीकडे आहेत. नाना का आले, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही. सर्वांत खाली एक पिवळा पडलेला कागद आहे, भरतीच्या दिवशीच्या तपासणीचा. त्यावर आबांच्या पोटाबद्दल एकही तक्रार नाही. शेरा आहे ‘तंदुरुस्त’. तो कागद आबांनी लिहिलेला नाही, सैन्यानेच लिहिलेला आहे.