तेलाचे गुरुजी

गोंदियात तांदळाच्या दलालाइतकाच हमखास भेटणारा माणूस म्हणजे तेलाचे गुरुजी. रेलटोलीत एक, सिव्हिल लाइन्समध्ये दोन, आमगाव-तिरोड्याकडे गेलात तर गावागणिक एखादा. ते पेशाने गुरुजी असतातच असं नाही. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेला असतो, कुणी बँकेतून, कुणाची स्वतःची भातगिरणी असते. साठी उलटली, कोलेस्टेरॉलचा पहिला रिपोर्ट हाती पडला आणि नातवाने मोबाइलवर व्हॉट्सअॅप टाकून दिलं, की माणसाचा गुरुजी होतो.

त्यानंतर तो लग्नात आधी नवरदेवाला भेटत नाही. मांडवामागे आचाऱ्याकडे जातो. पिंपाची चकती वाचतो, तेल बोटावर घेऊन चोळतो, हुंगतो आणि "पामतेल!" असा निकाल देतो. आचारी मुकाट कढई ढवळत राहतो. मग पंगतीत पहिल्या पानावर बसून गुरुजी वड्यांना दुसऱ्यांदा हात घालतात, कारण टाकून देणं हा अन्नाचा अपमान.

गुरुजींच्या घरातलं तेल देशाच्या सरकारांहून अधिक वेळा बदललं आहे. लहानपणी सणाला डालडा. 1937 साली बाजारात आलेलं ते वनस्पती तूप पुऱ्यांना खुसखुशीत करायचं, आणि रिकामा डबा पुढची वीस वर्षं तांदूळ मोजायला उपयोगी पडायचा. त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाचं काय होतं हे समजायला पुष्कळ काळ गेला. खाद्यतेल आणि वनस्पतीत ते दोन टक्क्यांच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे 2022 च्या जानेवारीत लागू झाला. रोजच्या भाजीला मात्र जवसाचं तेल असे. बांधीत धान उभं असतानाच ओलीवर जवस आणि लाखोळी फेकायची, ही इकडची उतेऱ्याची रीत. गावच्या घाण्यावरून आलेल्या त्या तेलाचा उग्र वास लहानग्या गुरुजींना मुळीच खपत नसे, आणि आजी पाठीत धपाटा घालून जेवू घालत असे.

नोकरी लागली तसं फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल आलं. मग डॉक्टर म्हणाले करडई, तर करडई. जाहिरात म्हणाली सूर्यफूल, तर सूर्यफूल. पुण्याच्या सूनबाईंनी ऑलिव्हची बाटली आणली तेव्हा गुरुजींनी तिची फोडणी तुरीच्या वरणावर घातली, आणि काकूंनी वाटी बाजूला सारून विचारलं, "अजी, यात खोकल्याचं औषध पडलं का?" जवस कधी घराबाहेर गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता गुरुजी नागपूरहून ओमेगा-3 च्या कॅप्सूल मागवतात. डबीवर जवसाचं निळं फूल छापलेलं असतं.

खरं तर एवढ्यापुरतं गुरुजींचं चुकत नाही. करडई-सूर्यफुलात ओमेगा-6 भरपूर आणि ओमेगा-3 जवळजवळ नाहीच. जवसात ओमेगा-3 अर्ध्याहून जास्त, पण ते तापवलं की लवकर बिघडतं, म्हणून ते चटणीवर कच्चं घ्यावं, तळणाला नको. कोणत्याच एका तेलात सगळं नसतं, तेव्हा तेलं आलटून-पालटून वापरा, असं आहारतज्ज्ञही सांगतात. गुरुजी ते शास्त्र पाळतात ते केवळ धरसोडीमुळे, हा भाग वेगळा.

सध्या त्यांचा मुक्काम राइस ब्रानवर आहे आणि तिथे ते मोठ्या पेचात सापडले आहेत. सकाळच्या फेरफटक्यात त्यांचं व्याख्यान ठरलेलं: रिफाइंड तेल म्हणजे विष, हेक्झेन घालून काढतात, तेल खावं तर लाकडी घाण्याचंच. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी बैलघाणी सुधारली, गांधीजींचा त्याला पाठिंबा होता, हा दाखला ते हटकून देतात आणि तो खराही आहे. पण घरी गॅसजवळ बाटली उभी असते ती राइस ब्रानची, आणि घाण्यातून कोंड्याचं तेल काढून सहसा कुणी विकत नाही.

हे गोंदियात तरी समजावून सांगायला नको. तांदूळ पॉलिश होताना जो कोंडा निघतो त्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं. पण त्याच कोंड्यात लायपेज नावाचं विकरही असतं. गिरणीतून बाहेर पडल्यापासूनच ते तेल फोडायला लागतं आणि काही दिवसांत कोंड्याला खवट वास सुटतो. म्हणून कोंड्याची पोती लगबगीने सॉल्व्हंट कारखान्याकडे धावतात, नाहीतर गुरांपुढे जातात. कारखान्यात हेक्झेनने तेल निघतं ते काळपट, मेणचट आणि आंबट. रिफाइंड केल्याशिवाय ते खाण्यालायक होतच नाही. या तेलातल्या ज्या ओरायझेनॉलचं नाव गुरुजी मंत्रासारखं घेतात, तेही शुद्धीकरणाच्या काही पद्धतींत बरंचसं निघून जातं. तेल वाईट नाही. तळणाला टिकतं, लवकर धुरावत नाही. आणि हेक्झेन शुद्धीकरणात उडून जातं, उरलं तर किती चालतं याला कायद्याची मर्यादा आहे. पण हे मान्य केलं तर सकाळच्या व्याख्यानाचं काय करायचं? साळ्यांनी, म्हणजे ज्यांची गोरेगाव रस्त्याला भातगिरणी आहे त्यांनी, एकदा हे सगळं सविस्तर सांगून पाहिलं. गुरुजी म्हणाले, "तुमच्या कोंड्याचं नसेल. आमचं कंपनीचं आहे."

गुरुजींची खरी परीक्षा झाली ती दवाखान्यात. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तेल किती लागतं महिन्याला?" गुरुजींनी कोणतं लागतं ते सांगायला सुरुवात केली. स्मोक पॉइंटपर्यंत ते पोचले असतील, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पाच लिटरचा डबा. दोघांना."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या मागे गणित मांडलं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम आहे. दोघांचं महिन्याचं झालं सव्वासोळाशे ग्रॅमच्या आसपास. डब्यात साडेचार किलो. आणि घाण्याचं असो की ऑलिव्हचं, एका ग्रॅमला कॅलरी नऊच.

"पण मॅडम, कोलेस्टेरॉल-फ्री आहे. लिहिलंय बाटलीवर."

"काका, बियांच्या कुठल्याच तेलात ते नसतं. गोणपाटावरही लिहिता येईल तसं."

दुसऱ्याच दिवशी घरात वजनकाटा आला. रोज रात्री बाटली काट्यावर चढते, आकडा वहीत उतरतो. दिवाळीपर्यंत दोघांचं मिळून 60 ग्रॅमवर आल्याचं गुरुजींनी चौकात जाहीर केलं. काट्यावर बाटलीच चढत होती. पापड-कुरड्यांचा फल्लीचा डबा ओट्याखालीच होता, त्याचा विषय कुणी काढला नाही.

भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे इकडच्या जत्रा, सुरू झाल्या. नाटक बघायला म्हणून गुरुजी निघाले आणि भजीच्या दुकानापाशी थबकले. कढईत तेल डांबरासारखं. गुरुजींनी भजीवाल्याला ऐकवलं की तळणाच्या तेलात पोलर कंपाउंड 25 टक्क्यांवर गेले की ते फेकून द्यायचं, 2018 च्या जुलैपासून तसा नियमच आहे.

"हो जी, गुरुजी," झाऱ्या निथळवत भजीवाला म्हणाला. "प्लेट एक का दोन?"

"दोन. आन् मिरची जराशी खरपूस तळ."