जीपला डिस्क ब्रेक बसवून देणाऱ्या गॅरेजमालकांस खुले पत्र

गॅरेजमालक,

नमस्कार. वर ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, ते मुद्दामच.

आमच्या महिंद्रा सीजे-३बी जीपच्या पुढच्या चाकांना तुम्ही डिस्क ब्रेकचं किट बसवून दिलेत. कॅलिपरांना लाल रंग दिलात. रंग सुबक आहे, कुठे ओघळ नाही. तुमच्या हातून नीट झालेलं काम तेवढंच. रंगाला तुमच्याकडे वेळ होता. हवा काढायचं निपल वर आलंय की खाली, एवढं वाकून पाहायला नव्हता. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला की निपल खाली जातं. हवा वर चढते आणि कॅलिपरच्या वरच्या कोपऱ्यात बसून राहते. खालून कितीही ऑइल सोडा, ती निघत नाही. तुमच्या पोरांनी पंपिंग करून करून डबे रिकामे केले. ते डबे तुम्ही बिलात लावलेत.

पेडल स्पंज लागतं, पहिल्या दाबात खाली जातं, असं सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, “पॅड बसायला वेळ लागतो, चालवत राहा, सेट होईल.” नवे पॅड बसायला वेळ लागतो हे खरं. पण पॅड बसलेला नसेल तर ब्रेक कमी धरतो. पेडल मऊ पडतं ते हवेमुळे. ब्रेकचं काम घेणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर त्याने ते काम घेऊ नये. माहीत असेल, तर तुम्ही आम्हाला फसवलंत. दोन्हींपैकी काय ते तुम्हीच ठरवा.

कॅलिपरांची अदलाबदल आम्हीच केली, हवा निघाली. मग दुसरं दुखणं वर आलं: ब्रेक सुटेना. गाडी थोडी चालली की पुढची चाकं जड, डिस्क तापलेल्या, पॅडचा जळका वास. कुंभार्ली घाटात चिपळूणच्या बाजूला उतरताना पेडल थेट फळीला टेकलं. सतत घासणाऱ्या पॅडची उष्णता ऑइलपर्यंत पोचली आणि ऑइल उकळलं. डॉट ३ ऑइल कोरडं असेल तर २०५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं; त्यात पावणेचार टक्क्यांपर्यंत पाणी मुरलं की १४०लाच. तुमच्या फळीवर उघड्या झाकणाने पडलेल्या डब्यातलं ऑइल यातलं कोणतं, ते सांगायला नको. वाफ दबते, दाब पुढे जात नाही. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो, तुमचा हात तिथवर पोचला नव्हता. पहिला गिअर आणि तो हँडब्रेक, यांच्यावर गाडी थांबली. गाडीत माझी आई होती.

दोष शोधला तो कराडच्या एका जुन्या मिस्त्रींनी, एका पान्यावर. आधी पेडलचा खेळ पाहिला. तो नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक धरून बसतो. खेळ ठीक होता. मग चाकं तापवून गाडी जॅकवर घेतली आणि मास्टर सिलिंडरपाशी पाइपचा नट सैल केला. थोडं ऑइल आलं आणि चाक हलकं झालं. नट सैल करूनही चाक जडच राहिलं असतं आणि कॅलिपरचं निपल उघडल्यावर सुटलं असतं, तर रबरी होज आतून फुगलेला असता. निपल उघडूनही सुटलं नसतं, तर कॅलिपरचा पिस्टन अडकलेला. इथे दाब मास्टर सिलिंडरच धरून ठेवत होता.

आणि तो धरणारच, कारण तो ड्रम ब्रेकचा आहे. ज्या विलीज जीपपासून ही गाडी आली, तिची जुळणी महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. चारही चाकांना ड्रम, ऑइलची एकच लाइन, मास्टर सिलिंडर फळीखाली चासीला. त्या सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान चेक व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखतो, म्हणजे चाकातल्या सिलिंडरचे वॉशर भिंतीला चिकटून राहतात आणि बाहेरची हवा आत ओढली जात नाही. ड्रमच्या शूंना ओढून घेणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, त्यांच्यापुढे हा दाब काहीच नाही. डिस्कच्या पॅडला तशी स्प्रिंग नसते. तोच दाब पॅडला डिस्कवर टेकवून ठेवतो. ज्यांनी हा ब्रेक आखला त्यांनी प्रत्येक भागाचा विचार केला होता. तुम्ही फक्त दिसणारा भाग बदललात.

हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही काय केलंत? तो व्हॉल्व्ह उपसून काढलात आणि माझ्या तळहातावर ठेवलात. “झालं काम.” मागच्या चाकांना अजून ड्रमच आहेत आणि त्यांना तो दाब लागतो, हे तुमच्या डोक्यात आलं नाही. पुढच्या डिस्कलाही २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो, कारण मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या उंचीला किंवा त्याहून खाली असला की ऑइल मागे उतरतं आणि पॅड मागे सरकतात. त्यानंतर गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पेडल रिकामं जायचं.

पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं, या तक्रारीवर तुम्ही हसलात. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ड्रममध्ये पुढे फिरणारं चाक स्वतःच शूला ड्रमवर ओढून धरतं, पायाची मेहनत वाचवतं. डिस्कमध्ये ती मदत नाही, म्हणून जास्त दाब लागतो, म्हणून बूस्टर लागतो. तुमच्या किटमध्ये बूस्टर नव्हता. बूस्टरला व्हॅक्यूम लागतो; पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डवरून मिळतो, डिझेल इंजिन बसवलेल्या जीपला वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. डिझेल जीपांनाही तुम्ही हेच किट बसवता, हे मी तुमच्या दारात पाहिलं आहे.

शेवटी तुम्ही म्हणालात, “गाडी जुनी आहे साहेब, असंच होणार.” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. तुमच्याकडे येईपर्यंत ही जीप ड्रमवर चालत होती. थांबायला वेळ घेत होती, ओल्या रस्त्यावर एका बाजूला ओढत होती, पण थांबत होती. वयाने तिचा ब्रेक गेला नाही.

आता पुढे डिस्क, मागे ड्रम अशा गाडीचा टँडम मास्टर सिलिंडर बूस्टरसकट बसवला आहे. पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. एक फुटली तरी दुसरी उरते. मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू नये म्हणून मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह दिला आहे. जीप आता सरळ आणि लवकर थांबते. हे सगळं पहिल्याच दिवशी करता आलं असतं. खर्च जास्त येईल असं सांगितलं असतंत, तर आम्ही दिला असता किंवा ड्रम तसेच ठेवले असते.

तुमच्याकडून हेच किट लावून गेलेल्या इतर जीपा आजही आंबोलीत, वरंध्यात, आंबेनळीत उतरत असतील. त्यांच्या मालकांचे नंबर तुमच्या वहीत आहेत. त्यांना आजच फोन करा, गाड्या परत बोलवा आणि मास्टर सिलिंडर तुमच्या खर्चाने बदलून द्या.

— एक जीपमालक