लुमेनपंत

लुमेनपंतांना ओळखायचं तर चेहऱ्याकडे नको, उजव्या अंगठ्याकडे बघा. नखाखाली राखाडी थर्मल पेस्ट आणि पेरावर सोल्डरिंग आयर्नचा जुना चटका, ही जातीची खूण. खिसा फुगलेला दिसेल, पण तो टॉर्चने, पाकिटाने नव्हे. पाकीट पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केव्हाच हलकं झालेलं असतं.

घरात वडिलांच्या वेळची पितळी टॉर्च असते आणि ती उत्तम चालत असते. पंतांना खुपतं ते हेच. तिच्या बल्बला अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअर, म्हणजे अवघा पाऊण वॉट लागायचा. पंत त्या जागी क्री कंपनीचा एक्सएम-एल२ एलईडी बसवतात. तीन अँपिअरला हा १० वॉट गिळतो आणि हजार लुमेनच्या आसपास उजेड ओकतो. त्याची भूक भागवायला जुन्या सेलच्या जागी '१८६५०' जातीचा लिथियम सेल येतो. तो जेमतेम १८ मिलीमीटर जाडीचा, म्हणून आत खुळखुळू नये यासाठी भोवती पीव्हीसी पाइपाचा तुकडा. बटण दाबताच समोरच्या इमारतीत पडदे ओढले जातात. पण थोड्याच वेळात उजेड निळसर पडतो, मग मलूल होतो, मग अंधार.

"सेल संपला वाटतं," वहिनी म्हणतात.

"सेल नाही गं, उष्णता!" इथून पुढे पंतांना आवरणं ब्रह्मदेवालाही जमत नाही.

"उजेड काय, कोणीही पाडेल. उष्णता बाहेर काढून दाखवा!" हे त्यांचं ब्रीद. मुद्दा खराच आहे. एलईडीला दिलेल्या विजेपैकी साठ-सत्तर टक्क्यांची उष्णताच होते. साध्या बल्बची तार दोन हजार अंशांच्या वर खुशाल तापते आणि बरीचशी उष्णता उजेडाबरोबर समोर फेकून मोकळी होते. एलईडीच्या चिपला मात्र दीडशे अंशांपुढे सोसत नाही, आणि तिची उष्णता निघते पाठीमागून. तिथे वाट मिळाली नाही तर चिप स्वतःच्याच तापाने जाते.

ही वाट बांधायचा मुहूर्त रविवारचा आणि जागा जेवणाचं टेबल. वहिनींनी वाढायचं कुठे, हा गौण प्रश्न. पंत आरशाच्या काचेवर पॉलिश पेपर पसरतात आणि त्यावर पितळी चकती आठच्या आकड्यात घासत बसतात. मग स्टीलची पट्टी तिच्यावर उभी धरून, एक डोळा मिटून, खालून उजेड दिसतो का ते बघतात. दिसला की पुन्हा घासणं. कारण तांबं हवेपेक्षा पंधरा हजार पट चांगली उष्णता वाहून नेतं, त्यामुळे दोन धातूंमध्ये केसभर हवा राहिली तरी सगळी मेहनत पाण्यात. ती हवा घालवायलाच पेस्ट, तीही नावापुरती. भाच्याने हौसेने जाड थर दिला तर पंत ओरडतात, "अरे, पुरीला श्रीखंड लावतोयस का?" चकतीवर तांब्याचा बोर्ड, बोर्डावर थेट सोल्डर केलेला एलईडी आणि चकती टॉर्चच्या अंगात घट्ट. झाला राजमार्ग.

आता खरी गंमत. पाहुण्याच्या हातात टॉर्च दिली जाते. दोन मिनिटांत पाहुणा म्हणतो, "काका, भाजतंय हो." पंतांचा चेहरा उजळतो. "भाजतंय? वा! म्हणजे उष्णता बाहेर पोचली!" पाहुण्याला ही थट्टा वाटते, पण पंत शंभर टक्के बरोबर असतात. दहा वॉटवर चालणारी छोटी टॉर्च बाहेरून गार राहिली, तर समजावं की चिप आत शिजते आहे. मुठीत आवळून धरली तर टॉर्च थोडी कमी तापते, कारण हातातलं रक्त उष्णता वाहून नेतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दिवे गेल्यावर पंत सेक्रेटरींना टॉर्च सोपवतात, ते याच हिशेबाने. सेक्रेटरींना तो मान वाटतो.

लाकूड-प्लास्टिकच्या अंगाच्या टॉर्चला मात्र पंत हात लावत नाहीत. उष्णता त्यातून बाहेर पडणार कुठून? दुसऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमधून उपटलेले सेलही ते घेत नाहीत, कारण तापलेला लिथियम सेल थट्टा समजत नाही.

आणि हरिश्चंद्रगडाच्या रात्रीच्या चढाईला हेच पंत टॉर्च कितीवर लावतात? उजेडाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. पूर्ण उजेडाने पुढच्याचे डोळे दिपतात आणि सेलही वाटेतच मान टाकतो. शिवाय उजेड चौपट केला तरी झोत पोचतो दुप्पटच लांब. उष्णता मात्र चौपटीहून कमी होत नाही.

म्हणून पंतांच्या नादाला लागा अथवा लागू नका, त्यांचं एक ऐका. मुठीत मावणाऱ्या टॉर्चने सलग निभावण्यासारखा भार चार-पाच वॉटचा. त्यापुढचे आकडे काही मिनिटांचे पाहुणे. दुकानात खोक्यावरचे लुमेन वाचण्याआधी टॉर्च हातात घेऊन तिचं वजन बघा. हलकी लागली तर खोका परत ठेवा.