आधी कोण?

आमच्या मजल्यावर सकाळचा पहिला प्रश्न 'चहा झाला का' हा नसतो. 'बिल्ड कुणी पाडला' हा असतो. ज्याचं नाव निघतं तो हमखास म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." आणि ते खरं असतं, हाच त्यातला वैताग.

बिल्ड पडतो त्यामागे पुष्कळदा नुसता मानापमान असतो. बिल्ड म्हणजे हजारो फायलींपासून एक प्रोग्रॅम तयार करणं, आणि प्रत्येक फाइलचं एकच म्हणणं: माझ्याआधी ती. ह्या फाइलला एक हेडर लागतं, ते हेडर एका स्क्रिप्टमधून तयार होतं, आणि ती स्क्रिप्ट चालवणारं साधन आधी कम्पाइल व्हायला हवं. कुणाचीच अट मोडणार नाही अशी एक रांग लावायची, याला टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणतात. 1962 साली आर्थर कान यांनी त्याची एक पद्धत छापली, ती आजही शिकवतात. जिच्याआधी कुणीच नको अशी फाइल उचला, रांगेत लावा, इतरांच्या अटींमधून तिचं नाव खोडा. आता आणखी कुणीतरी मोकळी झाली असेल, तिला उचला. बस, एवढंच. मुलाखतीत हे फळ्यावर लिहून दाखवणारी मुलं नोकरीला लागली की मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या अटींच्या यादीत, त्याच अटी लिहायला विसरतात.

कान यांच्यापुढे मोठ्या प्रकल्पांच्या कामांची जाळी होती. आपल्याकडे तेवढ्यासाठी लग्नपत्रिका पुरते. निमंत्रकांची नावं लावायला बसलेल्या माणसाला विचारा. थोरले काका वयाने मोठे, म्हणून मामांच्या आधी. मामांचा मान मोठा, म्हणून ते धाकट्या काकांच्या आधी. आणि धाकट्या काकांनी हॉलचं भाडं भरलंय, म्हणून ते थोरल्यांच्या आधी. प्रत्येक अट आपल्या जागी रास्त, आणि तिन्ही मिळून अशक्य. कान यांची पद्धत इथे हात टेकते, कारण मोकळा असा कुणी सापडतच नाही.

यावर आपल्या लोकांनी शोधलेला तोडगा म्हणजे 'समस्त अमुक परिवार'. रुसलेल्या सगळ्यांची एकच मोट बांधायची आणि ती मोट रांगेत उभी करायची. मोटेच्या आत कोण पुढे हे विचारायचं नाही. अशा मोटा झटपट हुडकायची रीत रॉबर्ट टार्जन यांनी 1972 साली प्रसिद्ध केली. (जंगलातले नव्हेत, गणितातले.) बिल्ड चालवणारी साधनं मात्र इतकी सोशिक नसतात. गूगलमधून आलेलं बेझल असं चक्र दिसलं की सरळ काम नाकारतं. जीएनयू मेक एका ओळीत कळवतो, 'सर्क्युलर अमुक <- तमुक डिपेंडन्सी ड्रॉप्ड', म्हणजे एका काकांची तक्रार केराच्या टोपलीत टाकली, आणि पुढे चालू लागतो. ती ओळ कुणी वाचत नाही. घरात असं कळवून बघा.

मेकचा जन्मही असाच वैतागातून झाला. 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नशिबाला शिव्या घालत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. बग दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती, आणि हे गृहस्थ सकाळभर एका निर्दोष प्रोग्रॅमात दोष शोधत बसले होते. फेल्डमन यांनी त्यावर मेक लिहिला. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे असा एक चमत्कारिक नियम राहून गेला. तो बदलायचं त्यांच्या मनात आलं तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब तसाच ठेवला. त्या डझनभरांची भीड राखली, आणि पुढच्या पिढ्या टॅबच्या जागी स्पेस पडली म्हणून रात्री जागवताहेत. 2003 साली फेल्डमन यांना मेकसाठी एसीएम या संगणकवाल्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. टॅबचा वेगळा हिशेब कुणीतरी करावा.

खरी गंमत लिहिलेल्या अटींची नाही, न लिहिलेल्यांची आहे. एकमेकींशी काही देणंघेणं नसलेल्या दहा फायली 36,28,800 प्रकारे रांगेत लावता येतात, आणि मेकला त्यातली कुठलीही रांग चालते. पण वर्षानुवर्षं तो एकच लावत असतो, आणि आपल्याला वाटतं तोच नियम आहे. आमचा एक जुना सहकारी 'ही आधी झाली पाहिजे' असं वाटलं की फाइलच्या नावापुढे दोन 'ए' जोडायचा. अट लिहायची नाही, नाव बदलायचं. 'अशा नावाच्या सगळ्या फायली' असं वाइल्डकार्डने मागितलं की मेक तेव्हा ती नावं वर्णानुक्रमे देत असे, त्यामुळे त्याचं चालून जायचं. मग 2010 साली जीएनयू मेकची 3.82 आवृत्ती आली. वर्णक्रमाचं वचन आम्ही कधी दिलंच नव्हतं, असं म्हणून मेकने तो सोडून दिला. नंतर 2020 मध्ये, 4.3 आवृत्तीत, पुन्हा सुरू केला. तोवर तो सहकारी तीन 'ए' लावण्यापर्यंत पोचला होता.

न लिहिलेली अट उघडी पडायचा दुसरा मार्ग म्हणजे घाई. मेकला 'जे' हा पर्याय दिला की तो बरीच कामं एकदम काढतो, आणि ज्यांचा क्रम फक्त योगायोगाने जुळला होता त्या फायली एकमेकींची वाट न बघता धावत सुटतात. बिल्ड पडतो. पुन्हा चालवला की पडत नाही. यावर सर्वमान्य उपचार म्हणजे पुन्हा चालवणे.

खरं औषध 2022 च्या 4.4 आवृत्तीत आलं. त्याचं नाव शफल. मेक मोकळी कामं पत्त्यांसारखी पिसतो आणि मुद्दाम वाकड्या क्रमाने करतो. अट लिहायची राहिली असेल तर बिल्ड कधी ना कधी कोसळतो, आणि कुठल्या पिसण्यात कोसळला त्याचा आकडाही मेक छापतो, म्हणजे तोच अपघात पुन्हा घडवून आणता येतो. मला ही सोय फार आवडली. मी मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, रोज रात्री शफल लावून बिल्ड चालवू.

"लावू की," तो म्हणाला, "पण आधी न लिहिलेल्या अटी लिहून काढ. नाहीतर रोज सकाळी लाल."

"त्याला माणसं लागतील."

"मिळतील. पण नेमक्या किती अटी राहिल्यात तो आकडा दे, म्हणजे वर मागता येतील."

"तो आकडा शफल लावल्याशिवाय कळणार नाही."

"मग लावू की," तो म्हणाला, "पण आधी..."

मी जागेवर येऊन हे सगळं तीन अटींच्या मेकफाइलमध्ये लिहिलं. शफलला दुरुस्ती हवी, दुरुस्तीला माणसं हवीत, माणसांना शफल हवं. टॅब नीट दिले आणि चालवलं. मेकने 'माणसं <- शफल' ही अट टाकून दिल्याचं एका ओळीत कळवलं आणि निमूट कामाला लागला: आधी माणसं, मग दुरुस्ती, मग शफल. लॅपटॉप तसाच उचलून मॅनेजरला नेऊन निकाल दाखवला.

त्याने तो बराच वेळ वाचला.

"छान आहे," तो म्हणाला. "हेच एकदा बेझलवर करून बघ ना."